स्वतःच्या जबाबदारीवर

आपल्याकडे देवळाच्या पायरीशी पाटी असते की चपला आपापल्या जबाबदारीवर ठेवाव्यात. सायकलस्टँडवर असते, मंगल कार्यालयात दागिन्यांच्या बाबतीत असते, एस. टी.च्या स्थानकात सामानासंबंधी असते. ही पाटी वाचून कुणी दर्शन न घेता परत फिरल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. चपला गेल्याच तर जातात. आपण चार दिवस हळहळतो, आणि नव्या घेतो. त्यामुळे ‘जबाबदारी’ या भारदस्त शब्दाची किंमत आपल्या मनात फार तर चपलेच्या एका जोडाइतकी होऊन बसली आहे. हाच शब्द चपलेऐवजी स्वतःच्या पाठीच्या कण्याला उद्देशून लिहिलेला असला, म्हणजे मात्र चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचावासा वाटतो.

२०२४ च्या मे महिन्यात असा एक कागद माझ्यापुढे आला. माझी मुलगी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला असते. तिथून मोटारीने चार तासांवर मोॲब नावाचे गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे त्याला कुणी गाव म्हणून मोजणारही नाही. पण भोवती तांबड्या खडकांचे असे विलक्षण रान पसरलेले आहे की ते पाहायला जगभरातून माणसे येतात. सुट्टीत आम्ही सगळे तिथे गेलो होतो, आणि मुलीने एटीव्हीच्या फेरीसाठी दोन जागा सांगून ठेवल्या होत्या. एक तिची आणि एक माझी.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटारसायकलीसारखी टांग टाकून बसायचे, हातात तसेच हँडल, पण खाली फुग्यासारखी फुगलेली चार बुटकी चाके. वाळू, दगड, ओढा, चढ, जिथे रस्ता नाही तिथून ही जाते. १९७० साली होंडा कंपनीने अशी पहिली तीनचाकी गाडी अमेरिकेत विकायला आणली. ती इतकी उलटू लागली, आणि त्यात इतकी मुले जायबंदी झाली, की १९८८ साली सरकार आणि कंपन्या यांच्यात करार होऊन तीनचाकीची विक्री थांबली. आता सगळ्या चारचाकी. मोठ्या गाडीवर सोळा वर्षांखालच्या मुलांनी बसू नये असे तिच्या अंगावरच चिकटवलेले असते. त्यामुळे बारा वर्षांच्या नातवाला आजोबांबरोबर मागे राहावे लागले. ‘आजी जाणार आणि मी नाही?’ हा त्याचा प्रश्न न्यायाच्या दृष्टीने बिनतोड होता. मीही त्याला उत्तर दिले नाही.

तर तो कागद. त्यात एकूण म्हणणे असे, की या प्रकारात हाडे मोडतात, प्रसंगी जीवही जातो, हे मला समजले आहे. मी राजीखुशीने येत आहे. काही झाल्यास मी किंवा माझे वारस संयोजकांवर दावा लावणार नाही. आमचे यजमान सगळी कलमे शांतपणे वाचून म्हणाले, ‘अगं, वारसांत मीही येतो. मला कुणी विचारलं?’ विनोद म्हणून ते बोलले, आणि सगळे हसले. मी सही केली. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचे स्वातंत्र्यावरचे पुस्तक १८५९ साली निघाले. आगरकरांच्या पिढीने तो मिल किती मन लावून वाचला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याने एका पुलाचे उदाहरण दिले आहे. पूल मोडकळीला आलेला आहे आणि एक मनुष्य त्यावर पाऊल टाकतो आहे. त्याला सावध करण्याइतकीही सवड नसेल, तर त्याला खुशाल धरून मागे ओढावे. कारण पाण्यात पडण्याची त्याची इच्छा नाही, हे उघड आहे. पण पूल नक्की पडेलच असे नाही, नुसता धोका आहे, आणि तो त्याला कळलेला आहे, असे असेल तर जावे की न जावे हे त्याचे त्याने ठरवावे. शहाण्यासवरत्या माणसाला इतरांनी फक्त सांगावे. कॉलेजात असताना हा दृष्टान्त मला फार आवडला होता. सासरी-माहेरी जी बंधने मला नकोशी होती, त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात हा पूल दाखवीत असे. मोॲबचा तो कागद म्हणजे मिलच्या पुलाचाच एक छापील नमुना आहे, असे प्रथम मला वाटले.

फेरीआधी अर्धा तास शिकवणी झाली. शिकवणारा आणि पुढे वाटाड्या म्हणून येणारा एकच, पंचविशीतला एक तरुण. मला वाटत होते, मी पुण्यात तीस वर्षे आधी लूना आणि मग स्कूटर चालवली आहे, मला काय कठीण? तर त्याने नेमके तेच विचारले, दुचाकी कोण चालवते? मी ऐटीत हात वर केला. तो म्हणाला, मग तुम्ही जास्त सांभाळा. दुचाकी कलली की आपण नकळत पाय टेकवतो. इथे पाय खाली आला, तर मागचे चाक त्यावरून जाते. गाडी कितीही कलली तरी पाय फळीवरच ठेवायचे आणि अंग वर, चढाच्या बाजूला टाकायचे. चढताना पुढे झुकायचे, उतरताना मागे रेलायचे. वेग उजव्या आंगठ्याने द्यायचा. चार चाके दिसतात म्हणून ती स्थिर आहे असे मानू नका. ती उंच आहे, अरुंद आहे, आणि तुमचे वजन कुठे आहे यावर तिचा तोल आहे. तीस वर्षांच्या सवयीने मिळालेले शहाणपण एका नव्या यंत्रावर बसताच धोक्याचे ठरावे, याचे मला नवल वाटले. साठी उलटल्यावर अशा गोष्टी ऐकून घेणे बरे असते.

मग आम्ही निघालो. वाटाड्या सर्वांत पुढे, मागे आम्ही पाच जण. गावाला लागूनच सँड फ्लॅट्स नावाचे पठार आहे. सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या टेकड्या होत्या. त्याच पुढे दगड झाल्या. त्यामुळे खडकांचे उंचवटे आजही वाळूच्या टेकडीसारखेच गोल आहेत, आणि वाऱ्याने वाळूवर काढलेल्या रेघा दगडात जशाच्या तशा दिसतात. या खडकाला तिकडचे लोक ‘निसरडा’ म्हणतात. घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत, म्हणून हे नाव. रबरी चाक मात्र त्याला घोरपडीसारखे चिकटते. लांबवर ला साल पर्वत, त्यावर मे महिन्यातही बर्फ. खडकावर रंगाने खुणा केलेल्या आहेत, त्या धरून जायचे.

जाताना सगळा वेळ मला दिसत होती ती वाटाड्याची पाठ. तो मधूनच मान वळवी, दर पाचसहा मिनिटांनी थांबून आम्हांला मोजी, आणि पुन्हा पाठ करून पुढे जाई. माझ्या लक्षात आले की, आपण त्याच्यावर विश्वास टाकला आहे असे आपण समजतो. पण पाच अनोळखी, नवशिक्या माणसांना तीनतीनशे किलोची यंत्रे देऊन हा मुलगा आमच्याकडे पाठ करून चालला आहे. सही आम्ही केली होती. त्याला तसला कागद आम्ही कुठे लिहून दिला होता?

एका चढाशी त्याने थांबवले. चढ घरावरच्या कौलांसारखा उभा दिसत होता. तो म्हणाला, ‘ज्यांना वर यायचे त्यांनी एकेकाने यावे. ज्यांना नको, त्यांच्यासाठी डावीकडून खुणांचा वळसा आहे. मी वर थांबतो. घाई नाही.’ आणि तो गेला. गीतेत सतरा अध्याय समजावून सांगितल्यावर अठराव्याच्या अखेरीस श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो की नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. त्या वाक्याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. इतके सांगितल्यावर हे स्वातंत्र्य कशाला? त्या चढाखाली ते मला थोडेसे उमगले. सही करताना मी काहीच ठरवले नव्हते. पैसे भरलेले, मुलगी उभी, मागे रांग. तिथे ‘नाही’ म्हणायला जागा होती कुठे? इथे होती. मी वळसा घेतला. मुलगी चढ चढून गेली. आमच्यातले एक धिप्पाड गृहस्थ, जे शिकवणीच्या वेळी सर्वांत मोठ्याने बोलत होते, ते माझ्या मागोमाग वळशाला आले, आणि वर पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला ते एकदम आवडू लागले.

पण मिलचा पूल मला पुढे अर्ध्या तासाने सोडून गेला. वाटेत वाळूचा एक मऊ पट्टा होता. आमच्यातल्या एका मुलाने तो चुकवायला गाडी खुणांबाहेर काढली, पाचसहा हात, फार नाही. वाटाड्याने सगळ्यांना थांबवले. रागावला नाही. त्या मुलाला घेऊन तो चाकोरीशी उकिडवा बसला. आम्हीही उतरून पाहिले. तिथली जमीन काळपट, खरखरीत, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी होती. मी तिला नुसती माती समजत होते. ती जिवंत असते. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, दगडफूल, शेवाळ यांचे ते बारीक विणकाम असते. जिवाणूंचे चिकट धागे वाळूच्या कणाकणाला बांधून ठेवतात, हवेतला नत्र जमिनीत आणतात, पावसाचे पाणी धरतात. पायाखाली आले तरी ते मोडते, आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षे, कुठे कुठे कित्येक दशके लागतात. चाकाखाली त्याचा भुगा झाला होता. वाटाडा म्हणाला, ‘हे पुन्हा होईल तेव्हा मी म्हातारा असेन.’

मिलच्या दृष्टान्तात पूल पडला तर माणूस पडतो. पुलाचे काय, हे त्यात कुणी विचारलेले नाही; मागून येणाऱ्यांनी नदी कशी ओलांडावी, हेही नाही. मिलवर मी अन्याय करू इच्छीत नाही. दुसऱ्याला इजा होत असेल तर स्वातंत्र्याला आळा घालावा, हे त्यानेच सांगितले. पण त्याच्या मनातला ‘दुसरा’ हा हात-पाय-तोंड असलेला, तक्रार करू शकणारा माणूस होता. मी सही केली ती माझ्या हाडांपुरती. माझी हाडे माझी आहेत, हे मी अजून मानते. त्या पापुद्र्याच्या वतीने कुणी सही केली होती?

बरे, गोष्ट तेवढ्यावर थांबतही नाही. पापुद्रा मोडला की वाळू सुटी होते आणि वाऱ्यावर निघते. गाड्यांमुळे होते तशी गुरांच्या चराईमुळे, रस्ते-खाणींमुळेही होते. सगळा दोष एका यंत्रावर टाकू नये. पण ती धूळ उडून पूर्वेकडच्या रॉकी पर्वतातल्या बर्फावर बसते. पांढरे बर्फ ऊन परतवते. मळलेले बर्फ ऊन पिते आणि काही आठवडे आधीच वितळते. त्याच बर्फाच्या पाण्यावर कोलोरॅडो नदी चालते, आणि सुमारे चार कोटी माणसे तिचे पाणी वापरतात. लॉस एंजलिसच्या नळाखाली हंडा लावणाऱ्या, आपलं, ग्लास धरणाऱ्या बाईचा त्या पाचसहा हातांशी संबंध आहे. तो केसाइतका बारीक असेल, पण आहे.

संध्याकाळी यजमानांनी अर्थातच निकाल दिला. ‘पायी जाता येतं तिथे यंत्र नेऊच नये. एवढंच सोपं आहे.’ मला ते पटले नाही, आणि अजूनही पटत नाही. त्यांचे गुडघे शाबूत आहेत. माझ्या गुडघ्यांनी मी त्या पठारावर फर्लांगभरही गेले नसते. दगड झालेल्या वाळूवरच्या त्या रेघा मी हात लावून पाहिल्या, आणि ते सुख फक्त धडधाकट माणसांचेच का असावे? शिवाय मी ज्यांवरून गेले त्या वाटा माझ्यासाठी कुणी पाडल्या नव्हत्या. १९५२ साली मोॲबजवळ युरेनियमचा मोठा साठा सापडला, आणि त्या लाटेत खाणवाल्यांनी बुलडोझर घालून सगळ्या मुलखात वाटा काढल्या. आज सुट्टीतले लोक ज्यांवरून हिंडतात त्यांतल्या पुष्कळशा वाटा अणुयुगाच्या हव्यासाने पाडलेल्या आहेत. मोडून झालेल्या वाटेने जाणे आणि नवी मोडणे, या दोन गोष्टींत मला तरी मोठा फरक दिसतो. यजमान म्हणाले, ‘मोडलेल्या वाटेवरून कुणी गेलंच नाही, तर ती भरून येईल.’ यावर मला उत्तर सुचले नाही. ते खरे आहे.

आणि तिकडचे सरकारही हा वाद घालीतच आहे. २०२३ साली मोॲबच्या वायव्येकडच्या मुलखातल्या ३१७ मैलांच्या वाटा गाड्यांना बंद करण्याचा निर्णय झाला. गाडीवाले कोर्टात गेले. ज्यांना शांतता हवी ते म्हणाले, बंद केल्या त्या थोड्या आहेत. गावातल्या लोकांचे पोट या गाड्यांवर चालते आणि गावातल्याच लोकांचे कान या गाड्यांनी किटतात. त्यांच्यात कोण बरोबर हे चार दिवसांच्या पाहुणीने सांगू नये.

नातू आमचे बोलणे ऐकत होता. एवढ्यात त्याने बोटे मोजली. ‘मला सोळा पुरायला चार वर्षं आहेत. आजी, तोपर्यंत ती वाट उघडी राहील ना?’

मी म्हटले, ‘मला नाही रे सांगता येत.’

‘उघडी राहावी असं तुला वाटतं की बंद व्हावी असं?’

आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागले. त्यांनाही ते ऐकायचे होते. मी म्हटले, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत आपण तिघे जिथपर्यंत माझे गुडघे नेतील तिथपर्यंत पायी जाऊ, तो काळा पापुद्रा तुला दाखवते, मग तू सांग.