पोळी घालणारा हात

आमच्या गल्लीत एक काळी कुत्री होती. माझ्या हातची पोळी खायची, बाकी कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही. नसबंदीसाठी पालिकेची गाडी जाळी घेऊन वळणावर दिसली, की ती पसार. तीन खेपा फुकट गेल्या. शेवटी एका पहाटे मीच तिला बिस्किटं दाखवत पिंजऱ्यात नेलं. दार पडल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आठवड्यानं ती परतली. कानाला नसबंदीची खूण म्हणून खाच होती, रेबीजची लसही टोचलेली होती. दोन दिवस लांब बसून राहिली, तिसऱ्या संध्याकाळी पोळीला आली.

तेव्हापासून मला वाटतं, की आपली भूतदया पोळीपाशीच थांबते. खाणं मिळालं की कुत्री धडधाकट होते, वर्षातून दोनदाही विते. गर्भाचे दिवस जेमतेम 63, आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं. त्यातली बरीचशी गाडीखाली नाहीतर रोगानं जातात. त्यांना उचलायला मग स्वयंसेवक धावतात. पण त्या आईला पकडू शकणारा माणूस एकच असतो, तिला रोज खाऊ घालणारा. तिचा विश्वास त्यानं कमावलेला असतो, म्हणून पुढचं कामही त्याचंच.

मारून टाकण्याचा उपाय मुंबईनं करून पाहिला आहे. 1832 साली कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी लोक रस्त्यावर उतरले, फोर्टात दंगल झाली. तरीही मारणं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चाललं आणि कुत्री राहिलीच. उकिरडा तसाच राहिला की रिकाम्या जागी शेजारची कुत्री येतात. नसबंदी झालेलं, लस टोचलेलं कुत्रं पुन्हा त्याच गल्लीत सोडा, असं भटक्या कुत्र्यांविषयीचे 2023 चे नियम सांगतात, ते याचसाठी. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. पोरंबाळं कुत्रं चावण्याला भितात, ती भीती खरी आहे. प्राणिप्रेमींनी तिला हसू नये.

मला खरा राग येतो तो हौसेनं आणून सोडून देणाऱ्यांचा. घाटात सोडलेल्या लॅब्राडॉरला अन्न शोधणंसुद्धा ठाऊक नसतं. येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे तो धावतो, आपलीच गाडी समजून. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. सहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी पिल्लू आणलंत, तर मुलगा कॉलेजला परगावी जाईल तेव्हा त्याचं निम्मं आयुष्य अजून बाकी असेल. त्याला फिरवणार कोण, दरवर्षीची लस कोण देणार, हे पिल्लू घरात येण्याआधी ठरलं पाहिजे. ठरत नसेल तर आणू नका.

आणि आज रात्री ज्या कुत्रीला पोळी घालाल, तिचा कान नीट पाहा. खाच नसेल तर उद्या सकाळी पालिकेला फोन करा, आणि गाडी येईल तेव्हा तिथं स्वतः उभे राहा.