सोमवारचा धर्म

नागपुरात ख्रिस्ती धर्म म्हटलं की माणसं इमारती दाखवतात. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल, मूर मेमोरियल रुग्णालय, हिस्लॉप कॉलेज. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री १८४५ मध्ये इथे आला. त्याने शाळा काढली, जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवल्या आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाला. शहर त्याचा आदर करतं, मीही करतो. पण संस्था उभ्या राहिल्या की धर्माची एक सोय होते. आपल्या वतीने कुणीतरी सेवा करतंय, एवढ्यावर माणसाला बरं वाटतं. मग रविवारी उपासना, सोमवारी धंदा.

हा सोमवार ज्याने कधी सुटू दिला नाही, असा माणूस नागपूरपासून ७५-८० किलोमीटरवर वर्ध्याला राहत होता. जे. सी. कुमारप्पा. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घरात १८९२ मध्ये जन्म, लंडनमध्ये हिशेब तपासनीसाचं शिक्षण, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली, सूटबूट गेला, खादी आली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाकाठी तीन आणे, असा त्यांचा दंडक. गांधीजी सोबतची मंडळी घेऊन आले, तेव्हा कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना सांगून टाकलं, की या पाहुण्यांचा खर्च निधीतून होणार नाही. पैसा भूकंपग्रस्तांचा आहे. गांधीजींनी ते मानलं. गांधीजींनी मानलं याचं कौतुक नेहमी होतं. मला जास्त नवल वाटतं ते सांगणाऱ्याचं.

त्याच वर्षाअखेरीस गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांचा घाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशा असा संसार सुरू झाला. लोकांना ते गांधीवादी अर्थकारण वाटलं. कुमारप्पांच्या लेखी ती येशूची शिकवण होती. त्यांचं कोकोच्या कपाचं उदाहरण पाहा. कोको आफ्रिकेच्या मळ्यातून येतो. तिथे मजुरांवर जबरदस्ती होत असेल, तो वाहून आणणारा समुद्रमार्ग बंदुकीच्या धाकावर राखलेला असेल, तर त्या पापाचा वाटा पिणाऱ्याच्या कपातही उतरतो. वस्तू विकत घेणारा त्या वस्तूच्या साऱ्या इतिहासाचा वाटेकरी होतो. सदरमधल्या एखाद्या घरी नाताळचा चॉकलेट केक खाताना हे आठवलं की घास अडतो खरा. (अडतो आणि तरी जातो, हेही खरं.) येशूच्या आचरणावरचं त्यांचं पुस्तक तुरुंगात लिहिलेलं, ते वाचून गांधीजींनी त्यांना गमतीने ‘डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी’ करून टाकलं. असा माणूस शेजारी राहायला सोपा नसणार. कुमारप्पा तापटही होते.

पण कुमारप्पांनी आपला रस्ता आपण निवडला होता. लक्ष्मीबाई टिळकांवर तो येऊन आदळला. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचं काम करत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, त्या ब्राह्मण म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं चालू. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. पुढे बाईंनी स्वतःशीच वाद घातला: देवाने माणूस केला की जात केली? उत्तर मिळालं तसं दुसऱ्याच्या हातचं पाणी आणि अन्न चालू लागलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या या बाईने देवळाच्या आधी स्वयंपाकघर बदललं, आणि माझ्या मते घागरीपाशीचं ते धर्मांतर नवऱ्याच्या धर्मांतरापेक्षा अवघड होतं.

चर्चला मात्र ती घागर अजून पुरती ओलांडता आलेली नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन असे सगळे एका वेदीपाशी आले, हे लहान काम नव्हे. पण सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ हे आजही हळूच विचारलं जातं.

आणि हा प्रश्न सरकारही विचारतं, फार स्पष्टपणे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दीक्षाभूमीच्या शहराला त्या चौतीस वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर आहे. म्हणून कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि उपासनेला दुसरा असं चालतं. खऱ्या श्रद्धेच्या गप्पा मारणारे यांना अप्रामाणिक म्हणून मोकळे होतात. कुमारप्पा वहीत खोटी नोंद करणारे नव्हते, हे कबूल. पण त्यांच्यापाशी लंडन आणि अमेरिकेचं शिक्षण होतं. दाखल्यावर खरं लिहिलं तर मुलीची शिष्यवृत्ती जाते, असा बाप त्यांच्या तराजूत बसत नाही. त्या बापाने काय लिहावं, हे सांगण्याचा हक्क मुलीची फी भरायला तयार असलेल्या मंडळीला आहे. अशी मंडळी शहरात किती आहेत, हे पाळकांनी एखाद्या रविवारी विचारून पाहावं.