सर्व काही: मी

सहा गाण्यांचं काम संपलं त्या रात्री रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाने विचारलं, "ताई, क्रेडिटमध्ये काय टाकू?" मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "सर्व काही: मी." शब्द माझे, चाली माझ्या. गिटार मी वाजवली, बासही मीच. ड्रम लॅपटॉपवर एकेक ठोका मांडून मीच रचले. पैसेसुद्धा माझे, दिवाळी अंकांच्या मुद्रितशोधनातून दोन वर्षं बाजूला टाकलेले. त्याने मुकाट्याने टाइप केलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "आणि तिसऱ्या गाण्यातला हम?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसले आणि जिना चढून वर आले.

त्या हमची हकिकत सांगायला हवी. तिसरं गाणं माझ्या वडिलांवर आहे. ते जुळारी होते. लाकडी केसमधून शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. गाणं मी घरी रचलं, रात्री, कानाला हेडफोन लावून. जी स्वरात आहे. बासवर खालचा जी लांबच लांब धरायचा आणि वर दोनच शब्द. चाल इतकी संथ, की ऐकणाऱ्याने जांभई द्यावी. ही संथ लय कुठून आली, असं कुणी विचारलं तर मी सांगायचे, शेवटच्या वर्षात बाबा असेच चालायचे, भिंतीला हात लावत. मला ते मनापासून खरं वाटायचं.

सिंहगड रस्त्यावरच्या एका इमारतीच्या तळघरात आमचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गोधड्या, कोपऱ्यात एक सतरंजी, आणि गाताना पंखा बंद, म्हणजे एप्रिलमध्ये काय होत असेल ते बघा. तिथे हे गाणं काही केल्या बसेना. तेच स्वर, तीच ओळ, पण जीव नाही. दोन आठवडे मी मेट्रोनोमशी भांडत होते. शेवटी तो मुलगा म्हणाला, "घरचं मूळ रेकॉर्डिंग आणा." मी आणलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, गुडघ्यावर एक बोट आपटत. मग माझ्या कानावर हेडफोन चढवून म्हणाला, "शब्द सोडा. नुसता बास ऐका."

लांब धरलेला जी श्वास घेतल्यासारखा फुगत होता आणि ओसरत होता. सेकंदाला एकदा, अगदी नेमाने.

त्याने सांगितलं ते असं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. माझ्या घरी लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर, अर्थिंग यथातथाच, त्यामुळे ५० हर्ट्झची गुणगुण, म्हणजेच 'हम', रेकॉर्डिंगमध्ये शिरली होती. बासवरचा खालचा जी ४९ हर्ट्झचा. दोन स्वर इतके जवळ आले की त्यांच्यातला फरक कानाला ठोक्यासारखा ऐकू येतो. पन्नासातून एकोणपन्नास गेले, उरला एक. सेकंदाला एक ठोका, मिनिटाला ६०. मी त्या झोक्यावर बसून चाल बांधली होती आणि मला पत्ताच नव्हता. स्टुडिओत सगळी यंत्रं एकाच बोर्डाला लावलेली, गुणगुण नाही, म्हणून झोका नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते. तिथे राहत असते तर बाबा माझ्या गाण्यात कसे चालले असते, कोण जाणे.

मला फसवल्यासारखं वाटलं, आणि ते विजेने नव्हे, मीच फसवलं होतं.

दरवर्षी गीतेवरचं एखादं तरी पुस्तक प्रुफांसाठी माझ्या टेबलावर येतं. अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक त्यातली जोडाक्षरं तपासता तपासताच पाठ झालेला. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं त्यात सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी करणं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. पुढे सोळाव्या श्लोकात, एकट्या आत्म्यालाच कर्ता मानणाऱ्याला सरळ दुर्मती म्हटलं आहे. इतकी वर्षं मी हा श्लोक शुद्ध करत आले. तो माझ्याबद्दल आहे, हे त्या आठवड्यात कळलं.

शंकराचार्यांनी या पाचांचा अर्थ फार अंगालगत लावला आहे. अधिष्ठान म्हणजे शरीर. करणं म्हणजे इंद्रियं. चेष्टा म्हणजे प्राण, अपान वगैरे वायूंचे व्यापार. आणि दैव म्हणजे नशीब नव्हे, तर इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता, जसा डोळ्यांना सूर्य. रामानुजांनी मात्र पाचव्या जागी थेट अंतर्यामी परमात्मा बसवला. मला शंकराचार्यांचा अर्थ जवळचा वाटतो, कारण तो स्टुडिओत दिसतो. चेष्टेचंच घ्या. पाचव्या गाण्याचे मी २७ टेक दिले होते. त्यातून ओळी निवडून जोडायच्या. पहिली चौथ्या टेकमधली, दुसरी एकोणिसाव्यातली. ओळी जुळल्या, पण मधे खड्डा पडला, कारण दोन ओळींमध्ये श्वासच नव्हता. त्या मुलाने विचारलं, "ताई, अकराव्या टेकमधला श्वास लावू?" आणि लावला. आता त्या गाण्यात मी सोमवारचा श्वास घेते आणि गुरुवारची ओळ गाते. प्राणवायूचीही कापाकापी होऊ शकते, हे कुठल्या भाष्यकाराच्या ध्यानीमनी असेल?

स्वर सुधारण्याचं मला फारसं काही वाटत नाही. तारस्वर जरा उतरला की तो मुलगा पडद्यावर ओळ उचलून जागेवर बसवतो. आमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घ करतात तेच. लेखकाने लिहिलेलं 'पाणि' मी 'पाणी' केलं म्हणून पुस्तक माझं होत नाही.

रॉकच्या जगात एकट्याने सगळं करण्याला मोठा मान आहे, पण त्यातली दोन माणसं मला वेगळ्या कारणाने आठवतात. 'नेब्रास्का' हा ब्रूस स्प्रिंगस्टीनचा अल्बम एकांताचा नमुना समजला जातो. १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर त्याने तो गायला. नंतर अख्ख्या बँडबरोबर करून पाहिला, जमला नाही, शेवटी ती कॅसेटच बाजारात आली. पण ते यंत्र मांडून द्यायला माइक बॅटलन नावाचा माणूस होता, आणि मिश्रण उतरवलं गेलं ते पाण्यात भिजून निघालेल्या पॅनासॉनिकच्या टेपरेकॉर्डरवर. दुसरा डेव्ह ग्रोल. १९९४च्या ऑक्टोबरात सिएटलजवळच्या स्टुडिओत त्याने एका गाण्यातला गिटारचा एक भाग वगळता सगळी वाद्यं स्वतः वाजवली. मग त्या अल्बमवर आपलं नाव न घालता 'फू फायटर्स' असं अनेकवचन घातलं, लोकांना बँड वाटावा म्हणून. मी एकटी नसताना 'मी' लिहिलं, तो एकटा असताना 'आम्ही' म्हणाला.

पण इथे मी अडते. पाच कारणं मान्य केली, तरी मध्यरात्री कोण उठतं? दुसऱ्या कडव्यातलं यमक ओढूनताणून आणलेलं आहे, हे विजेला सलत नाही. गोधड्यांनाही नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच पेच आहे. तिथे जीव कर्ता आहे असंच म्हटलं आहे आणि कारण फार व्यवहारी दिलं आहे: कर्ता नसेल तर 'हे कर, ते करू नकोस' असं शास्त्राने सांगायचं कुणाला? आणि थोडं पुढे सुताराचा दाखला येतो. हातात हत्यारं असताना सुतार कर्ता, ती खाली ठेवून घरी गेला की मोकळा. कर्तेपण त्याच्या हाडात नाही, हत्यारांच्या संगतीत आहे.

सुताराच्या जागी मला जुळारी दिसतो. बाबा संध्याकाळी रॉकेलने हात धुऊन केसला पाठ करत, तेव्हा खरोखरच मोकळे दिसत. पुस्तकावर लेखक, प्रकाशक, मुद्रक अशी नावं असत. जुळाऱ्याचं नाव मी कधी पाहिलं नाही. पण फॉर्म छापून झाल्यावर खिळा उलटा निघाला, तर आधी त्यांनाच हाक यायची. ते म्हणायचे, "शब्द त्यांचे, चूक माझी." तक्रारीच्या सुरात नव्हे, नियम सांगावा तसं. पाचांतला कर्ता बहुधा एवढ्यापुरताच असतो, हाक आल्यावर ओ देण्यापुरता. शाबासकी पाचांत वाटावी लागते, चूक वाटता येत नाही.

असा हिशेब लावून मी त्या रात्री स्कूटरवरून घरी आले, स्वतःवर बऱ्यापैकी खूश. तांदूळ धुताना एकदम आठवलं. तिसरं गाणं शेवटी बसलं कसं? मी मेट्रोनोम ६०वर ठेवायला सांगितला होता, तेवढ्याने जमलं नव्हतं. मग एका दुपारी मी चहाला वर गेले होते, तेव्हा त्याने ५० हर्ट्झचा एक शुद्ध स्वर तयार करून बासखाली अगदी हलक्या हाताने पसरून ठेवला. परत येऊन मी गायले आणि पहिल्याच टेकमध्ये गाणं झालं. माझ्या घरी जे दैव होतं, ते त्याने करण करून टाकलं होतं. आकडा तोच, पण आता तिथे ते असावं असं कुणीतरी ठरवलं होतं, आणि तो कुणीतरी मी नव्हते.

"आणि तिसऱ्या गाण्यातला हम?" त्याने थट्टा केली नव्हती. लाजत लाजत विचारलं होतं.

कुकर लावायचा तसाच ठेवून मी फोन केला. तो झोपेत होता. म्हटलं, "तुझं पूर्ण नाव सांग. आडनावातला 'वि' पहिला की दुसरा?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दुसरा, ताई. सगळे पहिलाच लिहितात."