बिघडलेला घाणा वाटायचा नसतो

डबा पोचला म्हणजे फराळ पोचला, हे तुम्हांला कुणी शिकवलं? मी तरी नाही. देवासहून धारला तुम्ही धाडलेले डबे मी उघडून पाहिलेत. दोन्ही गावांत माझं जाणं-येणं आहे, तेव्हा सारवासारव नको. बेसनाचे लाडू टाळूला चिकटत होते. शंकरपाळ्यांना चकलीच्या तेलाचा वास. करंज्या आंबलेल्या. आणि एका डब्यात चक्क बाजारचे पेढे, वर चिठ्ठी, ‘घरी केलेले’. हसू नका. तो डबा कुणाचा होता ते मला ठाऊक आहे.

पेढ्यांचं आधी संपवते. विकतचं देण्यात काही पाप नाही. ज्याला जमत नाही त्यानं चांगल्या हलवायाकडून आणावं आणि तसं सांगून द्यावं. पण दुसऱ्याच्या कढईतलं आपल्या नावावर खपवणं ही लबाडी आहे, आणि ती लपतही नाही. माळव्यातल्या बायका खव्यावर वाढल्यात. होळीला पसाभर गुजिया करणाऱ्या शेजारणीला पेढा कुठला हे कळायला जिभेवर ठेवावाही लागत नाही.

आता लाडू. ‘बेसन भाजलं होतं बाई’ म्हणे. रंग बदलला की भाजलं, असं नसतं. मंद आचेवर, हात न थांबवता भाजत राहायचं. आधी पीठ तूप पिऊन घट्ट होतं, हात भरून येतो, आणि नेमकं तिथंच तुम्ही गॅस बंद करता. अजून थोडं थांबलं की तेच पीठ सैल पडतं, तूप सोडतं, घरभर खमंग वास सुटतो. मग दुधाचा हबका मारायचा म्हणजे कणी पडते. आणि साखर? पीठ पुरतं निवल्यावर. गरम पिठात पिठीसाखर घातलीत म्हणून तुमचे लाडू डब्यात बसकण मारून बसले होते. दहा मिनिटांचा धीर नाही आणि म्हणे फराळ वाटायचाय!

अनारशांबद्दल तर बोलायचीच सोय नाही. तांदूळ तीन दिवस भिजले पाहिजेत, पाणी रोज बदललं पाहिजे. चौथ्या दिवशी उपसून कापडावर सावलीत पसरायचे आणि पुरते सुकायच्या आत कुटून चाळायचे. मग साखर किंवा गूळ घालून गोळे झाकून ठेवायचे आणि चार-पाच दिवस त्यांना हात लावायचा नाही. खसखशीवर थापला की खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. तुमच्यातल्या एकीनं रात्री भिजवले आणि सकाळी मिक्सरला लावले. त्याला जाळी कुठून पडणार? आणि ज्यांचे कढईत हसले, त्यांनी तो चुरा गोळा करून खाली घातला, वर दोन धड अनारसे मांडले आणि झाकण लावलं. बिघडलेला घाणा घरात खायचा असतो. तो वाटायचा नसतो.

करंज्यांचं तर सरळ अज्ञान आहे. ओल्या नारळाचं सारण एक-दोन दिवसांचं. तुम्ही करंज्या रात्री केल्यात, गरम असतानाच डब्यात भरल्यात आणि झाकण घट्ट लावलंत. आत वाफ धरली. दुसऱ्या दिवशी तो डबा बसनं इंदूरला गेला, तिथं गाडी बदलून धारला पोचला, संध्याकाळी उघडला. आंबणार नाही तर काय होईल? प्रवासाला सुक्या खोबऱ्याचं सारण. तेही खोबरं किसण्याआधी प्रत्येक वाटीचा तुकडा चाखून. एक वाटी खवट निघाली की सगळं सारण वाया. चाखायचं म्हटलं की तुम्हांला नैवेद्य आठवतो. देवाला खवट खोबरं दाखवलेलं चालतं वाटतं?

सारणात खवा घालणार असाल तर त्याचीही परीक्षा घ्या. चिमूटभर खवा पाण्यात उकळा, निवू द्या, वर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं तर त्यात पिष्ट मिसळलंय. औषधाच्या दुकानात बाटली मिळते, तेवढ्यानं तुमचं दिवाळं निघणार नाही. आणि डब्यावर लिहा: कधी केलं, कधीपर्यंत खावं, आत शेंगदाणे-काजू आहेत का. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईपुढेसुद्धा ती कधीपर्यंत खावी हे लिहिणं हलवायांना बंधनकारक झालं. गिऱ्हाइकाला जे सांगायचं, ते आपल्या माणसाला सांगायला लाज कसली?

‘साखर मात्र भरपूर घातली हो’ असंही एकीनं सांगितलं. तेच तर चुकलं. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 मध्ये खाजगी चिटणीस होता. त्याआधीही तो इथं येऊन गेला होता. इथल्या मेजवानीच्या ताटात काय काय होतं हे त्यानं पत्रातून घरी कळवलं, ती पत्रं पुढं 1953 साली पुस्तकात आली. राजवाड्याचा पाहुणा, पण एका पक्वान्नाला अति गोड म्हणून नाव ठेवायला तो कचरला नाही. तुमच्या शेजारणी सभ्य आहेत, तोंडावर ‘बहुत बढ़िया’ म्हणतात. त्या शब्दांवर जाऊ नका. डबा रिकामा किती दिवसांनी परत येतो ते बघा.

मला राग लाडवांचा नाही, तुमच्या हिशेबाचा आहे. तुपातला घाणा घरच्यांना, डालड्यातला वाटायला. अख्खे काजू जावयाच्या लाडवात, तुकडे शेजाऱ्यांच्या. पवारांच्या दोन भावांनी 1728 च्या सुमारास या एका देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं थाटली. ती दोन्ही 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाली. तुमच्या फडताळात मात्र अजून दोन पात्या नांदतात, आणि वाटायचा डबा कायम धाकट्या पातीत!

अहो, घरचा माणूस फसलेला लाडू चहाबरोबर खाईल, थट्टा करील आणि विसरेल. शेजारी तो एकदाच खातो आणि तुमचं घर त्यावरून ओळखतो. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात राहूनही इथली माणसं आपल्याला ‘मराठी लोग’ म्हणून वेगळं ओळखतात. त्या ओळखीत आपलं फराळाचं ताट आहे. ते चुऱ्यानं भरू नका.

‘वेळ मिळत नाही, बाई.’ मान्य. मग पाच पदार्थांची हौस सोडा. मुठीत दाबल्यावर मुटका होईल इतकं मोहन घालून, कोऱ्या तेलात शंकरपाळे तळा आणि तेवढेच वाटा. एका चांगल्या पदार्थानं कुणाचा अपमान होत नाही. पाच वाईटांनी होतो.

तर आता वही काढा. पुढच्या खेपेला वाटायचा घाणा आधी, घरचा नंतर. पूर्ण निवल्याशिवाय डब्याला झाकण नाही. प्रत्येक घाण्यातला एक स्वतः खायचा आणि नाक मुरडावंसं वाटलं तर तो घाणा घरात ठेवायचा. माझ्याकडे नमुना आणू नका, मला खूश करून काय मिळणार? धारला ज्या घरी तुमचा डबा गेला, तिथं नव्यानं डबा पाठवा आणि सोबत लिहा की मागचा बिघडला होता. ज्यांना हे लिहायची हिंमत नाही, त्यांनी यंदा खुशाल हलवायाचा पुडा द्यावा, त्याच्या नावासकट.