किंमत कोणी सांगायची?

दिवाळीला आठ दिवस राहिले की आमच्या आळीत मातीचे ढिगारे दिसू लागतात. पोरे किल्ले करतात. माझा भाचा लहानपणी या कामात सर्वांच्या पुढे असे. त्याच्या किल्ल्याला एक चोरवाट असायची आणि ती कोठून निघते हे शोधायला आम्हा मोठ्या माणसांनाही गुडघ्यांवर बसावे लागे. आज तो सत्तावीस वर्षांचा आहे आणि अजून तेच करतो. फक्त माती गेली, संगणक आला. व्हिडिओ गेममधले टप्पे रचून देणे हा त्याचा धंदा. त्यांना तो लेव्हल म्हणतो. खेळणारा कोठून शिरेल, कोठे थबकेल, शत्रू कोठे दबा धरून बसेल, हे सारे तो ठरवतो. आधी नुसते करडे ठोकळे मांडायचे, त्यांतून पन्नासदा फिरून पाहायचे, माणूस जेथे विनाकारण अडकतो तेथे मोडून पुन्हा बांधायचे. रंगरूप मागाहून येते. नोकरी नाही. मिळेल ते काम आणि ठरेल तो दर.

हे सारे खंडाळ्यात बसून चालते. (धुक्याचे आणि सहलींचे खंडाळे ते निराळे, लोणावळ्याशेजारचे, आमचे खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे.) परवा तो माझ्याकडे आला, तो चेहरा पाडूनच.

"मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. पैशाचं पत्र कसं लिहायचं, तेवढं सांगा."

हकीकत अशी. परदेशातल्या एका कंपनीचे महिन्याभराचे काम होते. याने दर कळवला. उत्तर आले की आपण लहान गावी राहता, तेथे खर्च कमी, तेव्हा दरही कमी असावा. शिवाय नमुन्यादाखल एक लेव्हल आधी फुकट करून द्यावी. खेळाच्या शेवटी जी नावांची यादी येते तीत याचे नाव येईलच असे नाही.

आता, असल्या बाबतीत सल्ला देण्यास माझ्याइतका नालायक माणूस तालुक्यात सापडणार नाही. माझी पहिली कादंबरी निघाली तेव्हा प्रकाशक म्हणाले, "मानधनाचं पाहू हं." मी म्हणालो, "छे छे, त्याचं काय एवढं!" आणि घरी येऊन पुढची दोन वर्षे त्यांच्यावर मनातल्या मनात जळत राहिलो. त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. जो आकडा मी कधी उच्चारलाच नाही, तो त्यांनी दिला नाही म्हणून हा राग! मानधन हा शब्दच मोठा लबाड आहे. मान आणि धन यांची त्यात अशी गाठ मारली आहे की दुसरे मागितले तर पहिले जाते की काय, असे वाटावे.

म्हणून मी मास्तरांच्या सवयीने गोष्ट सांगितली. रायगड बांधणारा हिरोजी इंदुलकर. काय हवे ते माग असे महाराज म्हणाले, तेव्हा त्याने वतन मागितले नाही. जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव कोरू द्यावे, एवढेच मागितले, अशी कथा आहे. त्या नावाचा दगड आजही तेथे आहे. निर्लोभीपणाचा धडा म्हणून मी हे दरवर्षी वर्गात सांगतो.

भाचा ऐकून घेऊन म्हणाला, "पण मामा, हिरोजींना महाराजांनी विचारलं होतं, काय देऊ म्हणून. मला कुणी विचारतच नाही. नुसतं सांगतात."

मी गप्प झालो. इतकी वर्षे गोष्ट सांगतो आहे, पण तिचे हे टोक माझ्या ध्यानात आले नव्हते.

मग त्याने आपल्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत अटारी नावाची कंपनी होती. तिच्या खेळांवर ते रचणाऱ्याचे नाव घालायचे नाही, असा तिचा रिवाज. १९७९ साली तिथले चौघे जण बाहेर पडले आणि त्यांनी आपली कंपनी काढली; नाव आणि खपातला वाटा, दोन्ही नाकारले गेल्याचा तो राग. वॉरन रॉबिनेट हा आणखी एक. त्याने 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा खेळ एकट्याने रचला. पगार वर्षाला सुमारे बावीस हजार डॉलर आणि खेळाच्या प्रती दहा लाख, एकेक पंचवीस डॉलरला, असा हिशेब त्यानेच पुढे सांगितला आहे. त्याने कोणाला न सांगता खेळात एक गुप्त खोली बांधली आणि तीत आपले नाव लिहून ठेवले. एक जवळजवळ न दिसणारा करडा ठिपका उचलून नेला तरच ती खोली सापडे. तो नोकरी सोडून गेला, त्यानंतर एका शाळकरी मुलाने ती शोधून काढली. हिरोजीला पायरी मिळाली. याला चोरवाट काढावी लागली.

तथापि नाव हा अर्धाच प्रश्न. 'गावी राहता, तुम्हाला एवढे कशाला' हा सवाल जास्त टोचतो, कारण तो वरवर न्यायाचा दिसतो. माणसाला लागते तेवढे द्यावे, यात वाईट काय? पण मग तोच खेळ खंडाळ्यातल्या पोराला स्वस्त मिळतो का? गरज मोजायची ती देताना. घेताना मात्र बाजारभाव. बरे, ज्याला जितके ओढता येईल तितके त्याने ओढावे म्हणावे, तर तो नुसता ताकदीचा खेळ झाला. जुन्या गावगाड्यात सुताराला दर सांगावा लागत नसे. सुगीत खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. पण मोबदला असा रिवाजाने ठरला की कामाला नकारही देता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते याच दुखण्यावर: काम अहोरात्र आणि मोबदला तुटपुंजा. चूल विझण्याची धास्ती न बाळगता ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याशी झालेला सौदाच मला रास्त वाटतो. भाच्याला तसे म्हणता येईल का? दोन महिने येईल, असे तो म्हणाला. त्यानंतर अवघड आहे.

पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिले. नमुन्याची लेव्हल होईल, पण तिचेही पैसे पडतील, दुरुस्त्या दोनदा, तिसरीपासून वेगळा आकार, यादीत नाव, आणि दर तोच. कारणे दिली नाहीत. कारणे देऊ लागले की आर्जव होते, असे माझे मत पडले. उत्तर अजून आलेले नाही.

पत्र गेले, त्याच दुपारी ओसरीवर रंगारी आला. दिवाळीसाठी घराला रंग काढला आहे. काम ठरवताना मी त्याला म्हणालो होतो, "पुण्याचा भाव सांगू नकोस बाबा, तू गावातलाच." माझेच शब्द होते ते. परदेशी पत्रात ते इंग्रजीत आले, एवढाच फरक. मी जरा वरमलो. त्याला चहा दिला आणि विचारले, "तुझ्या मनातला आकडा सांग. खरा सांग. काय देऊ?"

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, भिंतीकडे पाहिले आणि हसून म्हणाला,

"द्या की गुरुजी, तुमाला काय वाटंल ते."