वर्ण आधी की वाक्य?
मुलाच्या वाचनाचा आरंभ वर्णापासून करावा की सार्थ वाक्यापासून, हा प्राथमिक शाळेतील वाद मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. कारण मीमांसक कुमारिल भट्ट वर्णांनाच अर्थाचे वाहक मानतात, तर वैयाकरण भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त वाक्य अखंड ठरवून वर्णांना केवळ विश्लेषणाची सोय समजतात. ज्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० मध्ये हिंगण्यास, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, विधवांचा आश्रम आणला आणि १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापिले, त्यांच्या भूमीत हा प्रश्न निव्वळ शास्त्रार्थ राहू नये. माझा कौल भर्तृहरीला आहे. मात्र अपरिचित शब्द वर्णज्ञानावाचून उलगडत नाही, हे कुमारिलांचे ऋण नाकारता येत नाही. म्हणून, शिक्षकहो, मुलाच्याच तोंडचे वाक्य प्रथम फळ्यावर लिहा आणि त्यातूनच त्याला वर्णांची ओळख करून द्या.