निवता तवा

गॅसची कळ फिरवली की स्वयंपाक संपला, असं आपण धरून चालतो. घरात बिडाचा तवा असेल तर तो तिथे संपत नाही. शेवटची भाकरी उतरते, ज्योत जाते, ओटा पुसून होतो, तरी तव्याला बोट लावायची सोय नसते. पुढची दहा-पंधरा मिनिटं तो आपल्या गतीनं निवत राहतो. या वेळात जो स्वयंपाक होतो त्याला पदार्थाचं नाव नसतं, साहित्य आणि कृती नसते. असतो फक्त क्रम, आणि तो हातानं ठरवलेला असतो.

आधी लसणीच्या पाकळ्या आणि हिरव्या मिरच्या, कारण त्यांच्या अंगावर काळे डाग उमटायला कडक तवा लागतो. मग मूठभर शेंगदाणे. मोठ्या आचेवर शेंगदाणा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. उतरत्या उष्णतेवर तो आतपर्यंत खरपूस होतो. त्यानंतर जिरं, तीळ. सगळ्यात शेवटी सुक्या खोबऱ्याचा कीस, जो पेटत्या गॅसवर नजर हलली की जळतो. पावसाळ्यात या रांगेत सादळलेले कुरमुरे येतात, पाणी सुटलेलं मीठ येतं. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणी मुद्दाम गॅस पेटवलेला नसतो.

ही सवय चुलीच्या काळातली आहे. चूल कळ फिरवून विझत नसे, त्यामुळे उरलेल्या उष्णतेचं काय करायचं हा प्रश्न रोजचा होता आणि त्याची उत्तरंही रोजची होती. चुलीच्या मागच्या अंगाला वैल असायचा. त्याखाली स्वतंत्र जाळ नाही, चुलीतून निसटणारी धग तेवढी. तिच्यावर आमटी गरम राहायची, दूध संथपणे तापायचं. तव्यावरची भाकरी पुढे ओढलेल्या आराशी उभी करून फुगवली जायची. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून सकाळपर्यंत विस्तव जपला जायचा. गॅस आला आणि उष्णता मागू तेव्हा मिळू लागली. सोय मोठीच झाली, धुरानं डोळे जायचे थांबले. फक्त उरलेल्या उष्णतेचा हिशेब ठेवायचं कारण उरलं नाही. तो हिशेब बिडाच्या तव्यात तेवढा शिल्लक आहे.

याच्यामागचं कारण बहुतेक लोक उलटं सांगतात. लोखंड उष्णता चांगली पसरवतं म्हणून तवा चांगला, असं म्हटलं जातं. ते तसं नाही. ॲल्युमिनियममधून उष्णता बिडापेक्षा चौपट-पाचपट वेगानं धावते. एवढंच नाही, किलोला किलो लावून पाहिलं तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता धरतं. मग बिडाचा गुण कशात? वजनात. बिडाचा तवा सहज अडीच किलो भरतो. तेवढ्याच आकाराच्या नॉनस्टिक तव्यात ॲल्युमिनियम असतं सहा-सातशे ग्रॅम. हिशेब केला तर दोन्ही सारखेच तापलेले असताना बिडाच्या तव्यात जवळजवळ दुप्पट उष्णता साठलेली असते, आणि पीठ पडल्यावर तो निम्म्यानंच गार पडतो.

याचा खरा उपयोग कळतो घावनाला. तांदळाच्या पिठाचं ताकासारखं पातळ कालवण वाटीनं तव्यावर कडेपासून आत ओतत यायचं, आणि ते पडताक्षणी चर्र झालं पाहिजे. पाण्याची वाफ एकदम उसळते तेव्हाच जाळी पडते. तवा पीठ पडल्याबरोबर मलूल झाला तर जाळी नाही, नुसता पांढरा लगदा. कोकणातल्या घरांत त्यासाठी भिडं वेगळं ठेवलेलं असतं: जाड, काळंभोर, कानांचं, घावन आणि आंबोळीखेरीज दुसऱ्या कशाला न वापरायचं. तेल लावायला अर्धा चिरलेला कांदा, नाहीतर नारळाच्या शेंडीचा बोळा. तेल ओतायचं नसतं, पुसायचं असतं. काही घरांत या भिड्यावर पोळी भाजायला घेतली की सासूबाईंचा आवाज आतून येतो, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर असतं. पोळीच्या कोरड्या पिठाची राख भिड्यावर बसली की पुढचं घावन तिथेच धरतं.

मात्र जे भांडं उशिरा निवतं ते उशिरा तापतंही, आणि शहरातल्या ओट्यावर बहुतेक तक्रारी इथून सुरू होतात. चुलीचा जाळ तव्याच्या सगळ्या बुडाला वेढायचा. गॅसचा बर्नर मात्र मध्यभागी एक कडं तापवतो, आणि बिडातून उष्णता कडेपर्यंत जायला वेळ घेते. मोठी ज्योत करून दोन मिनिटांत घावन घालायला गेलं की मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं. मग तवा वाईट ठरतो. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं तो नुसता ठेवायचा, तोवर खोबरं खवायचं, चटणी वाटायची. घाईच्या सकाळी हे जमत नाही हेही खरं. ज्याला सात वाजून वीस मिनिटांची लोकल गाठायची आहे त्याला बिडाच्या तव्याचे गुण ऐकवू नयेत.

थालीपिठाला तर हा गुण सरळ आड येतो. थालीपीठ थापायचं गार तव्यावर. पहिलं झालं की पत्र्याचा तवा उलटा करून नळाखाली धरायचा, चुरचुर आवाज होतो, आणि दुसरं थापायला घ्यायचं. बिडाच्या तव्याशी असं वागलं तर तो तडकेल. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात आत विखुरलेला असतो. धातूला एकदम आक्रसावं लागलं किंवा तो शहाबादी फरशीवर पडला, तर चीर या पापुद्र्यांच्या वाटेनं धावते. घिसाड्याकडून घेतलेला ठोकीव तवा पडला तर पोचतो, वाकतो, आणि हातोडीनं पुन्हा सरळ होतो. बिडाचा तवा वाकत नाही. एक तर शाबूत, नाहीतर भंगारात. म्हणून त्याच्यावरचं थालीपीठ ओल्या फडक्यावर थापून अलगद उलटावं लागतं.

पण हाच कार्बन नसता तर तवा ओतताच आला नसता. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. बीड साधारण 1150 ते 1200 अंशांवर पातळ होतं आणि वाळूच्या साच्यात पाण्यासारखं शिरतं. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीनं 1707 साली पेटंट घेतलं ते नेमकं याचं: वाळूच्या साच्यात लोखंडी हंडे ओतण्याचं. तोवर तिथे चांगली ओतीव भांडी पितळेची आणि महाग असत. गरिबाला परवडेल असा हंडा करायचा, हा त्याचा धंद्याचा विचार होता. दोन वर्षांनी, 1709 मध्ये, कोलब्रुकडेलच्या भट्टीत त्यानं लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड वितळवलं. त्या लोखंडात सिलिकॉन जास्त उतरायचं, म्हणून ते साच्यात अधिक पातळ अंगानं ओतता यायचं. पुढे तिथेच वाफेच्या इंजिनांची सिलिंडरं ओतली गेली, आणि 1779 मध्ये जवळच्या सेव्हर्न नदीवर ओतीव लोखंडाचा पूल उभा राहिला. यंत्रयुगाच्या गोष्टीत पूल आणि इंजिन येतात. आमटीच्या हंड्यापासून सुरुवात झाली हे तळटीपेत जातं. आपल्याकडे कोल्हापूर आणि बेळगावच्या फाउंड्र्यांत आज जे बीड ओतलं जातं त्याचा फार मोठा भाग गाड्यांच्या आणि यंत्रांच्या सुट्या भागांत जातो.

नवा तवा करडा असतो, खरखरीत असतो, आणि त्याच्यावर सगळंच चिकटतं. त्याला तयार करायच्या पद्धती घरोघरी वेगळ्या. कुणी तांदळाच्या धुवणात काही दिवस भिजवतं, कुणी कांदा जळेपर्यंत परततं, कुणी नुसतं तेल पुसून तापवतं. शेवटी काम होतं ते तेलाचं. तेलाचा अगदी पातळ थर खूप तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेल तेल राहत नाही. धातूला घट्ट धरून बसणारी काळी, कडक, गुळगुळीत साय होते. थर जाड दिला तर ती साय न होता चिकट डिंक होतो. जवसाचं आणि करडईचं तेल यात पुढे, खोबरेल मागे. आणि हा थर राखायची उत्तम वेळ पुन्हा तीच: गॅस बंद झाल्यावरची. तवा कोमट झाला की कोमट पाण्यानं पुसायचा, उरलेल्या धगीवर ओल उडून जाते, मग तेलाचा बोळा फिरवायचा. राखेनं किंवा तारेच्या चोथ्यानं लखलखीत घासलेला बिडाचा तवा दिसायला छान दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी तांबूस होतो.

तव्यात उष्णता रेंगाळू द्यावी, पण कढईत भाजी रेंगाळू देऊ नये. वांग्याची भाजी लोखंडी कढईत काळपट होते ते वांग्यातल्या टॅनिननं. चिंच, कोकम, टोमॅटो पडलेलं काहीही त्यात राहिलं की लोखंड विरघळून अन्नात उतरतं. ते मोजलंही गेलंय. 1986 साली टेक्सासमध्ये झालेल्या एका अभ्यासात आंबट आणि ओलसर पदार्थांत लोह सगळ्यात जास्त उतरलेलं दिसलं. सफरचंदाच्या शिजवलेल्या गरात ते शंभर ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी होतं ते सात मिलिग्रॅमच्या वर गेलं. इथिओपियात काही घरांना लोखंडी आणि काहींना ॲल्युमिनियमची पातेली देऊन मुलांचं रक्त तपासलं गेलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत लोखंडी पातेल्यांच्या घरांतल्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलं होतं. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक नाही. तरी कढई म्हणजे औषध नव्हे. जेवणावर लगेच चहा प्यायला की मिळालेल्या लोहातलं बरंच वाया जातं, आणि तेलाचा थर जितका पक्का तितकं लोखंड कमी उतरतं. भाजी शिजली की पातेल्यात काढून ठेवायची ही जुनी रीत चवीसाठी होती, आणि ती मोडायचं कारण दिसत नाही.

नॉनस्टिकला नावं ठेवायची आता फॅशन आहे, तीही मला पटत नाही. 1968 साली औरंगाबादेत ‘निर्लेप’ सुरू झालं, आणि पुढच्या काळात घराघरांत चमचाभर तेलात, न धरता डोसा निघू लागला. घासण्यात जाणारे हात मोकळे झाले ते बायकांचेच. पण त्या तव्याला रिकामं तापवणं सोसत नाही. साधारण 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो. त्यामुळे तो मध्यम आचेवर तापवायचा, काम संपलं की निवायचा आणि धुऊन रॅकवर जायचा. निवत्या तव्यावरचे शेंगदाणे त्याच्या हिशेबात बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट बिडाची थोरवी सांगताना गाळली जाते. निवत्या तव्यापाशी ती दहा-पंधरा मिनिटं कुणीतरी उभं असायचं, आणि ते कोण हे विचारावं लागत नाही. घरातले गरम भाकरी घेऊन बसलेले असायचे आणि जिनं ती केली ती तीळ हलवत असायची, मग तवा पुसत असायची, आणि तिच्या वाटणीला येणारी भाकरी तोवर तव्याच्याही आधी गार झालेली असायची. आज दुकानांत हजार-दीड हजार रुपयांना मिळणाऱ्या तव्याबरोबर तेल पुसायची कृती छापून येते. कोणी पुसायचं ते छापत नाहीत. खरं तर तव्याला एवढी घाई नसते. तो सावकाश निवतो म्हणजे सगळ्यांचं जेवण होईपर्यंत कोमट राहतो, आणि जेवून उठलेला कुणीही मनुष्य तो पुसू शकतो, त्याला भाकरी थापता येत नसली तरी.

इंडक्शनवर बीड चालतं का, असं हल्ली विचारतात. चालतं, कारण त्याला चुंबक चिकटतं. आच सुरुवातीला अगदी कमी ठेवायची, एकदम मोठी केली तर मधला भाग कडेच्या फार पुढे तापतो आणि तडा जायची भीती असते. काचेवरून तवा ओढायचा नाही, उचलायचा. शेगडी स्वतः उष्णता देत नाही, तव्यातच ती निर्माण होते आणि तव्यामुळे उलट काच तापते. म्हणून बंद केल्यावरही काही शेगड्यांच्या काचेवर ‘एच’ हे तांबडं अक्षर बराच वेळ पेटलेलं राहतं: उष्णता शिल्लक आहे, हात लावू नका. ते विझेपर्यंत चटणीपुरते तीळ आरामात भाजून होतात.